विटाळ कोणाचा?

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात चांडाळ आणि रजस्वला एकाच ओळीत बसवले आहेत. दोघांपैकी कोणाचाही स्पर्श झाला, तर स्नान करून शुद्ध व्हावं, असा तो नियम. पुण्यात हे दोन्ही विटाळ आजही एकाच बाईच्या वाट्याला येतात. घरोघर कचरा गोळा करणाऱ्यांत बहुसंख्य दलित बायका आहेत. सुक्या कचऱ्यातून प्लास्टिक, पुठ्ठा, काच निवडताना त्यांच्या हाताला कुणाचं तरी वापरलेलं सॅनिटरी नॅपकिन लागतं.

ते हाताला लागतं, कारण ते लपवलेलं असतं. घरात कुणाला दिसू नये म्हणून काळ्या पिशवीत घालून वर घट्ट गाठ. आत बाटली आहे की आणखी काही, हे पिशवी सोडल्याशिवाय कळत नाही. घराने लाजेपोटी मारलेली गाठ कचरा निवडणारी सोडते.

चोखामेळ्यांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी चौदाव्या शतकातच विटाळाला हात घातला होता. ज्यातून देह घडतो ते अपवित्र कसं, हा त्यांच्या अभंगातला रोखठोक सवाल. पुण्याच्या कचरावेचक बायकांनी त्याच्या शेजारी आणखी एक सवाल ठेवला आहे: घाण कुणी केली?

१९९३ साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. या बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून घरोघरी दिल्या. नॅपकिन कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, असं सांगितलं. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला ठेवता येते. २०१३ साली तर वापरलेल्या नॅपकिनांच्या पिशव्या त्यांनी थेट उत्पादक कंपन्यांकडे धाडल्या.

हे आंदोलन होतंच, पण त्यात धर्मविचारही होता. शास्त्राने विटाळ स्पर्शाला चिकटवला, त्यामुळे उचलणारी अशुद्ध ठरली आणि टाकणारा मोकळा सुटला. ज्याचं कर्म त्याला फळ, असं मानणाऱ्या समाजाने कचऱ्यापुरता हा हिशेब गुंडाळून ठेवला. या बायकांनी तो पुन्हा मांडला, आणि त्यात माल विकून नफा घेणाऱ्यालाही धरलं.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेलं नॅपकिन नीट गुंडाळून देणं घरांवर बंधनकारक केलं. त्यासाठी वेष्टन पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. लाल ठिपका काढायला पेन एकदा टेकवणं पुरतं. तरीही कितीतरी घरांतून अजून काळी पिशवीच बाहेर येते.