औषध बंद केलं, म्हणजे काय?

‘डॉक्टरांनी औषध बंद केलं’ हे वाक्य आपल्याकडे दबक्या आवाजात बोललं जातं. ऐकणारा पुढचं विचारत नाही. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्यायला सांगितलं, एवढं त्यातून समजून घ्यायचं असतं. कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीने या वाक्याला आणखी अर्थ दिले आहेत. आपल्या घरांत मात्र अजून तो एकच अर्थ नांदतो, आणि तो रुग्णाला महागात पडतो.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग यकृतात आणि मेंदूत पसरल्याचं २०१५ मध्ये कळलं, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध असे उपचार झाले. २०१६ च्या सुरुवातीला औषध थांबलं. त्यानंतर ते आठ वर्षांहून अधिक जगले आणि शंभरी पूर्ण करून डिसेंबर २०२४ मध्ये गेले. असं भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येतं. पण त्यांच्या बाबतीत ‘बंद’चा अर्थ ‘काम झालं’ असा होता.

इम्युनोथेरपीची औषधं गाठीला थेट मारत नाहीत. आपल्या टी-पेशींनी, म्हणजे रोगप्रतिकारक शिपायांनी, स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून निसर्गाने त्यांना लगाम घातले आहेत. ते ओळखून सैल करण्याची वाट दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. लगाम सैल झालेल्या पेशी गाठीवर तुटून पडतात; कधी आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर, थायरॉइडवरही. केमोचा त्रास विषारी औषधाचा असतो, हा आपल्याच शिपायांचा. म्हणून तो शमवायला बहुतेकदा स्टेरॉइड लागतं, आणि तेही आठवडे-आठवडे हळूहळू कमी करावं लागतं.

इथे आपला एक जुना सद्गुण आडवा येतो: सोसणं. ‘कॅन्सरचं औषध आहे, एवढं होणारच’ असं म्हणून जुलाबावर दही-भात दिला जातो आणि धाप वयाच्या खात्यावर टाकली जाते. या उपचारात नेहमीपेक्षा दिवसाला चार शौच वाढले तरी त्रास दुसऱ्या श्रेणीचा धरतात. सात वाढले की तिसऱ्या, म्हणजे गंभीर. नवा खोकला, छातीत दुखणं, न उतरणारा थकवा, यांतलं काहीही शेवटच्या सलाइननंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतं. तेव्हा गावातल्या डॉक्टरांनाही ‘मी इम्युनोथेरपी घेतली होती’ हे आठवणीने सांगावं लागतं.

पण रुग्ण गप्प बसतो तो केवळ सोशीकपणामुळे नव्हे. ‘सांगितलं तर औषध बंद करतील’ ही खरी भीती. बंद म्हणजे मरण, हे समीकरण मनात पक्कं असेल तर त्रास लपवणं त्याला शहाणपणाचंच वाटणार. वस्तुस्थिती वेगळी आहे. थायरॉइड बिघडलं तर ते बहुधा कायमचं बिघडतं, पण रोजच्या गोळीवर भागतं आणि उपचार चालू राहतो. हृदयाच्या स्नायूला सूज आली तर मात्र औषध थांबवावंच लागतं. आणि थांबवलं म्हणजे मिळवलेलं सारं गेलं असंही नाही: शेवटच्या डोसनंतर दोन महिन्यांहून अधिक काळ औषध पेशींना चिकटलेलं आढळलं आहे. मेलानोमात दोन औषधं एकत्र घेणाऱ्या ज्या रुग्णांना त्रासापायी सुरुवातीलाच थांबावं लागलं, त्यांची पुढची वाटचाल चालू ठेवणाऱ्यांपेक्षा एकंदरीत वाईट झाली नाही. हा निष्कर्ष सगळ्या कर्करोगांना लावता येणार नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात वर्षभराने थांबणाऱ्यांपेक्षा चालू ठेवणारे सरस ठरले, तर दोन वर्षांनी थांबणाऱ्यांत आणि पुढे घेत राहणाऱ्यांत जगण्याचा लक्षणीय फरक दिसला नाही. ‘कधी’चं एकच उत्तर नाही, पण प्रश्न विचारण्याजोगा नक्कीच आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा वैद्यकशास्त्राआधी बँकेचं पासबुक देतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी त्यावर वेगळ्या बाजूने विचार केला. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात त्यांनी तोंडाने घ्यायच्या गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण फक्त गोळ्या घेणाऱ्यांत शंभरात सुमारे १६ होतं, ते ४३ वर गेलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने ‘किती काळ’ इतकाच ‘किती’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरवला.

तेव्हा ‘बंद’चे अर्थ निदान चार आहेत. रोग आटोक्यात आला. त्रास धोक्याच्या पातळीला गेला. औषध लागू पडत नाही. पैसे संपले. पहिल्यात आनंद आहे, दुसऱ्यात सावधपणा. तिसऱ्यात उपचार संपत नाहीत, वेदना आणि धाप कमी करण्याकडे वळतात. चौथं कारण तर स्पष्ट उच्चारायलाच हवं. नाहीतर घरचे जन्मभर ‘आपण कमी पडलो’ म्हणत स्वतःला खात राहतात आणि महाग औषधाचा दोष त्यांच्या मायेवर येतो.

म्हणून थांबण्याचं बोलणं शेवटच्या दिवशी नव्हे, पहिल्या सलाइनआधी व्हावं: कशासाठी घेतो आहोत, कोणता त्रास झाला तर त्याच दिवशी कळवायचं, कोणत्या तपासणीनंतर पुन्हा ठरवायचं, खर्च कुठवर झेपेल. हे एकदा बोलून झालं की त्रास लपवण्याची गरज उरत नाही. आणि मग ‘औषध बंद केलं’ असं कुणी सांगितलं तर मान खाली घालण्याऐवजी ‘का?’ असं विचारता येईल.