घरी गेलेली पत्रे



जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी १८४८ साली मुंबईत आले. पुढे ते मेथडिस्ट झाले. आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेचे नव्हेत, तरी शिकण्यासारखे खूप आहे. मिशनचा पगार सोडून ते बाजारवस्तीत साध्या खोलीत राहिले. १८८८ साली मुंबईतच वारले. मधल्या चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत. गेली ती फक्त पत्रे, आईला आणि बहिणींना.

टपाल जहाजाने जाई. आईने दुखण्याची चौकशी करावी आणि उत्तर पोहोचेपर्यंत दुखणे बरे झालेले असावे, नाहीतर वाढलेले. मिशनरीच्या त्यागाचे गुण आपण गातो. पण वाट पाहणाऱ्या त्या आईनेही मुलगा दिलाच होता ना?

वाशीमहून आपली मुले पुण्या-मुंबईला कामाला जातात. रोज फोन होतो. "जेवलास का?" "हो." संपले बोलणे. संत पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना त्रोवसला राहिलेला झगा मागवला, हिवाळ्याआधी यायला सांगितले, कोण सोडून गेले तेही कळवले. एवढ्या मोठ्या प्रेषिताला आपला एकटेपणा लपवावासा वाटला नाही. तुमच्या मुलाला तो तुमच्याजवळ बोलता येतो का?