दहा बाय दहाच्या खोलीत

पौषातली थंडी. जेवणे उरकली आहेत, दार लावून घेतले आहे. कुही-उमरेडकडच्या एखाद्या गावातली दहा बाय दहाची खोली. अंगाखाली सतरंजी, तिच्याखाली फरशी. डोळे मिटा. श्वास ओढू नका, येऊ द्या.

आता मन फरशीच्या खाली न्या. घाई नाही. सीताबर्डीची टेकडी आणि नागपूरच्या पश्चिमेचा मुलूख लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. पूर्वेकडे तो संपतो आणि त्याहून कितीतरी जुने, ग्रॅनाइटच्या जातीचे खडक वर येतात. काळ्या पाषाणात युरेनियम फार थोडे. या जुन्या खडकांत सहसा जास्त. इथे जरा थांबा. युरेनियम निम्मे व्हायला साडेचारशे कोटी वर्षे लागतात. त्यातून पुढे होणारे रेडियम 1,600 वर्षांत निम्मे होते. रेडियमपासून रेडॉन होतो, आणि तो वायू असल्याने दगडात अडकून राहत नाही. त्याला निम्मे व्हायला 3.8 दिवस पुरतात. तेवढ्यात तो मोकळ्या रानात वर आला, तर वाऱ्यावर पांगतो. फरशीच्या भेगेतून, पाइपाभोवतीच्या पोकळीतून बंद खोलीत आला, तर साचतो.

त्याला रंग नाही, वास नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरासाठी घनमीटरला 100 बेकेरेल ही पातळी सुचवली. बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे. तेवढा रेडॉन या खोलीत असेल, तर दर सेकंदाला त्याचे सुमारे 2,800 अणू फुटतात. हे ऐकून छाती आवळली असेल तर सैल सोडा. थोडा रेडॉन सगळ्याच हवेत असतो. काळजी आहे ती वर्षानुवर्षे साचलेल्या हवेत झोपण्याची. रेडॉन फुटून होणारे पोलोनियम धुळीला, चुलीच्या धुराला चिकटून फुप्फुसात जाऊन बसते. बिडी ओढणाऱ्याला तर तो कितीतरी पटींनी घातक.

आपल्या घरात किती असेल? खडकावरून ते सांगता येत नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांतही फरक पडतो. कवेलूच्या घरात वारा कुठून ना कुठून शिरतोच. स्लॅबच्या घरकुलाची खिडकी मात्र थंडीत बंद असते. विहिरीचे पाणी तपासतात तशी ही हवाही गावोगाव तपासली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. अणुखनिजे शोधणाऱ्या केंद्रीय संचालनालयाचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. दगड ओळखणारी माणसे दूर नाहीत.

मोजायला वीज लागत नाही. एलआर-115 नावाच्या लाल फिल्मचा टपाल तिकिटाएवढा तुकडा छोट्या डबीत घालून, भिंतीपासून जरा दूर, तीन महिने टांगतात. ती डबी मनात आढ्याखाली टांगा. तुम्ही घेता तीच हवा तिच्यात शिरते आहे. रेडॉन फुटताना सुटणारा अल्फा कण आदळला की फिल्मवर डोळ्यांना न दिसणारा व्रण उठतो. नंतर प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ती ठेवली की त्या व्रणांची बारीक भोके होतात. लाल पृष्ठभागावर ती उजळ दिसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात.

आकडा जास्त आला तर भेगा सिमेंटने बुजवायच्या, समोरासमोरच्या खिडक्या रोज उघडायच्या आणि नवी फिल्म टांगायची. पुन्हा तीन महिने.

आता डोळे उघडा. भिंत आणि फरशी जिथे मिळतात, त्या कडेवरून खोलीभर बोट फिरवून बघा.