वीस मिनिटांच्या आयुष्यातली आठवण

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा लांब असतो. खायला भरपूर मिळाले तर वीसएक मिनिटांत एकाचे दोन होतात. मेंदू सोडाच, त्याच्यापाशी एक मज्जातंतूही नाही. आहेत ती चार हजारांहून थोडी अधिक जनुके, आणि तीही सुटीसुटी काम करत नाहीत. एकाने घडवलेले प्रथिन दुसऱ्याला चालू करते, तिसऱ्याला थोपवते, कधी फिरून स्वतःच्याच जनुकाला चालना देते. अशा जाळ्यात अनुभव साठू शकतो का? साठू शकतो, असे मी ठामपणे म्हणेन. मात्र तो अनुभव कोणाचा, हे दरवेळी विचारायला हवे, आणि उत्साहाच्या भरात नेमके तेच राहून जाते.

2008 साली प्रिन्स्टन विद्यापीठातील सईद तवाझोई यांच्या गटाने केलेला प्रयोग घ्या. त्यांनी या जिवाणूभोवतीचे तापमान शरीराच्या उबेइतके वाढवले, ऑक्सिजन होता तसाच ठेवला. तरीही ऑक्सिजनवर श्वसन करण्याची जनुके मंदावली. प्राण्याच्या तोंडात शिरताना आधी ऊब लागते आणि पुढे आतड्यात ऑक्सिजन आटतो, म्हणून उबेची चाहूल लागताच पुढची तयारी सुरू झाली. मग संशोधकांनी क्रम उलटवला, ऊब आली की ऑक्सिजन वाढवायला लागले. काहीशे पिढ्यांत जुनी सांगड सैल झाली.

प्रयोग थक्क करणारा आहे. पण यात शिकला कोण? एकही जिवाणू नाही. ज्यांच्या जनुकांत सोयीचा बदल घडला होता ते फोफावले, बाकीचे मागे पडले. शिकला असेल तर वंश शिकला, आणि ती उत्क्रांतीच.

एकट्या पेशीची आठवण पाहायची तर पन्नास वर्षे आणखी मागे, 1957 मध्ये जावे लागते. एरन नोविक आणि मिल्टन वायनर यांचा त्या वर्षीचा शोधनिबंध मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. लॅक्टोज पचवणारी जनुके चालू झाली की जिवाणू दोन कामाच्या गोष्टी घडवतो: साखर फोडणारे विकर, आणि पेशीच्या आवरणात बसून साखर आत ओढणारे प्रथिन. हे दुसरे प्रथिन म्हणजे दारच. नोविक आणि वायनर यांनी लॅक्टोजसारखा, पण न पचणारा एक पदार्थ वापरला. तो भरपूर दिला की सगळ्या पेशी चालू होत. मग त्याचे प्रमाण बरेच उतरवले. आधी चालू झालेल्या पेशी तेवढ्यावरही चालूच राहिल्या. त्यांच्यापाशी दारे होती, दारांतून तो पदार्थ आत येत होता आणि आत आलेला पदार्थ नवी दारे घडवत होता. ज्यांना भरपूर मात्रा कधी मिळालीच नव्हती, त्या पेशी त्याच द्रावणात बंद राहिल्या. जनुके तीच, आजूबाजूचे पाणी तेच, फरक फक्त पूर्वायुष्याचा. पेशी दुभंगली की दोन्ही लेकींच्या वाट्याला दारे येत, त्यामुळे ही अवस्था पिढ्यानपिढ्या टिकली. डीएनएचे एकही अक्षर न बदलता!

मात्र आठवण राहणे वेगळे आणि दोन गोष्टींची नवी सांगड घालणे वेगळे. पाव्हलोव्हच्या कुत्र्याने घंटेची आणि अन्नाची घातली, तशी सांगड जिवाणूला जमेल का? क्रिसांथा फर्नांडो आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्यासाठी जनुकांचे एक जाळे गणिताने मांडले. त्यात घंटेच्या जागी एक रसायन आहे. ते रसायन आणि पेशीचा प्रतिसाद एकाच वेळी हजर असले, तरच एक जोडणारे प्रथिन तयार होते. ते पुरेसे साठले की पुढे एकटे रसायनही प्रतिसाद घडवू शकते. मज्जापेशींबद्दल डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये मांडलेलेच हे तत्त्व, इथे मज्जापेशींशिवाय. अडचण मला दिसते ती विभाजनाची. दर विभाजनाला असे प्रथिन वाटले जाते, आणि ते पुन्हा भरून निघाले नाही तर शिकलेले पुसट होत जाते. म्हणूनच 1957 चा तो स्वतःला पोसणारा फेरा इथे कळीचा ठरतो.

तेव्हा जनुकांच्या जाळ्यात स्मृती असते, हे सिद्ध आहे. सांगड घालण्याची यंत्रणा तिथे बसू शकते, हे गणिताने दाखवले आहे. पण निसर्गातल्या एखाद्या जिवाणूने स्वतःच्या हयातीत जनुकांच्या जाळ्यातून अशी नवी सांगड घातली, हे प्रयोगाने निर्विवादपणे अजून दाखवले गेलेले नाही.