हार मोजावी की पारखावी?

खेळात वेळ दवडावा काय, हा प्रश्न आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या विचारला गेला आहे. आजोबांच्या काळी तो ओसरीवर मांडलेल्या पटाविषयी होता. आज तो नातवाच्या हातातील मोबाईलविषयी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता देणारा कायदा संमत केला. जुगार आणि खेळ यांतील रेषा निदान कायद्याने तरी आखली. आम्हाला विचार करावयाचा आहे तो त्या रेषेच्या अलीकडचा. नवशिक्या खेळाडूने सुधारावे कसे, आणि त्याहीआधी, सुधारणे म्हणजे काय?

प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ऑनलाइन बुद्धिबळात प्रतिस्पर्धी बहुधा आपण निवडत नाही. आपल्या मानांकनाच्या जवळपासचा खेळाडू पाहून यंत्रणाच तो देते. मग तो इस्तंबूलचा असेल, किंवा आपल्याच रामबागेतला. या मानांकनाचे मूळ अर्पाद एलो या पदार्थविज्ञानाच्या अमेरिकन प्राध्यापकांच्या गणितात आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ते १९७० साली स्वीकारले. दोघांत २०० गुणांचे अंतर असेल तर शंभर डावांत वरचढ खेळाडूच्या वाट्याला सुमारे ७६ गुण येतील, असे हे गणित सांगते. अंतर नसेल तर निम्मे-निम्मे. आता यातून काय निघते ते पाहावे. नवशिका आज साधारण निम्मे डाव हरतो. वर्षभर मेहनत करून तो वर चढला की त्याला प्रतिस्पर्धीही चढेच मिळतात, आणि तो पुन्हा निम्मे डाव हरतो! म्हणजे प्रगती झाली तरी हार कमी होत नाही. कमी हरण्यातच जो सुधारणा शोधतो, त्याच्या पदरी निराशाच यावयाची.

मग सुधारते काय? आमचे उत्तर असे की, हारीची संख्या नव्हे, हारीचा दर्जा सुधारतो. काल घोडा फुकट गेला म्हणून हरलेला मुलगा आज डावाच्या अखेरीस एका प्याद्याच्या हिशेबात हरतो. दोन्ही वेळा पदरात शून्यच. परंतु दुसरे शून्य अधिक मोलाचे आहे.

हा दर्जा आपोआप वाढत नाही. मिनिट-दोन मिनिटांच्या झटपट डावांपेक्षा प्रत्येकी पंधरा मिनिटांचे थोडेच डाव खेळावेत. प्रत्येक चालीपूर्वी, प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या चालीने कोणता धोका उभा राहिला, हे स्वतःला विचारावे. लागोपाठ दोन डाव हरल्यास उठावे. तिसरा डाव आपण नव्हे, आपला राग खेळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हरलेला डाव संगणकाला दाखविण्यापूर्वी तो कोठे फिरला याविषयीचा आपला अंदाज वहीत लिहावा. संगणक योग्य चाल सांगतो. आपण चुकीची चाल का योग्य मानली, हे त्याला ठाऊक नसते.

हेच ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या युद्धखेळांविषयी म्हणता येईल. १९९९ साली निघालेल्या त्याच्या दुसऱ्या भागात नवशिका हरतो तो बहुधा रणांगणावर नव्हे. नगरकेंद्रातून नवे गावकरी निघणे थांबलेले असते, धान्य आणि लाकूड न वापरता साठून राहिलेले असते, आणि हा दूरच्या चकमकीत गुंतलेला असतो. शेवटच्या लढाईत कारण शोधणाऱ्यास ते सापडत नाही. १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडण्यापूर्वीच पानिपतावर रसद तुटलेली होती, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

तथापि हरल्यावर प्रथम सुचते ती सबब. नाचता येईना अंगण वाकडे, तसे हल्ली नेटवर्क वाकडे असते. कधी ते खरोखरच वाकडे असते. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत इंटरनेटची जोडणी तुटून निहाल सरीन आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांचे डाव गेले. भारताने दाद मागितली आणि महासंघाने भारत व रशिया यांना संयुक्त विजेते ठरविले. अशी दाद मागणे न्याय्यच होते. त्याच दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे कोनेरू हम्पी यांना हरवून महिला विश्वचषकाच्या मानकरी ठरल्या. तो चषक पटावरच मिळवावा लागला. अंगण एखाद्या दिवशी वाकडे असते. उरलेल्या दिवसांचा जाब आपणच आपल्याला द्यावयाचा असतो.

सबबीपुढची पायरी चोरीची. मोबाईलमधील प्रणाली आज जगज्जेत्यालाही हरविते. तिच्या चाली गुपचूप खेळणाऱ्याचे मानांकन चढते खरे. पण त्यासरशी प्रतिस्पर्धीही चढतात, आणि त्यांच्यापुढे टिकण्यासाठी चोरी कायमची करावी लागते. तो प्रतिस्पर्ध्याला फसवितोच, शिवाय स्वतःची हारही गमावून बसतो. शिकण्याचे साधन तर तेवढेच होते.

कोणी म्हणेल, खेळातील हारजितीला एवढे नैतिक वजन कशाला? आमचे म्हणणे असे की, नोकरीत, भावकीच्या वाटणीत, संसारात आपण कोठे चुकलो याची नोंद कोणी ठेवीत नाही. तेथे स्मृतीही आपलाच पक्ष घेते. येथे मात्र प्रत्येक चाल लिहिलेली राहते आणि नाकारता येत नाही. अर्थात ही सवय पटावरून आयुष्यात आपोआप उतरत नाही. आपला डाव बारकाईने तपासणारा माणूस घरातला आपला संताप कधीच तपासणार नाही, असेही घडते. ती उतरवावयाची तर वडीलधाऱ्यांचा हातभार हवा. तो फार मोठा नको. नातू मोबाईल खाली ठेवील तेव्हा ‘जिंकलास का?’ असे न विचारता ‘डाव कुठे फिरला?’ एवढेच विचारावे, आणि मग तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकावे.