सरासरी आणि एक

अणूचे केंद्र डोळ्यांना दिसत नाही. त्यावर प्रोटॉनांचा झोत सोडावा, कोणत्या कोनात किती विखुरले ते मोजावे आणि त्यावरून आतल्या रचनेचा तर्क बांधावा, अशी भौतिकशास्त्रज्ञांची रीत आहे. शिशाच्या केंद्रात दोनशेहून अधिक कण असतात. तेथे सर्वांचा मिळून एकच सरासरी प्रभाव मानला, तरी गणित बऱ्यापैकी जुळते. आमच्या गोंदियाच्या राईस मिलमध्ये तरी धानाचे दाणे कोण मोजतो? पोत्याचे वजन पुरते.

हलक्या केंद्रांपाशी मात्र ही सोय संपते. हेलियमच्या केंद्रात अवघे चार कण. आत शिरलेला प्रोटॉन एकालाच धडकला की पाठोपाठ दुसऱ्यालाही, हे वेगवेगळे धरावे लागते. रॉय ग्लाउबर यांच्या सिद्धान्ताने हाच हिशेब मांडला. ड्यूटेरॉनमध्ये तर दोनच कण. तो गोल आहे असे धरले, तर ठराविक कोनात विखुरलेल्या प्रोटॉनांची संख्या एकदम घसरायला हवी होती; प्रयोगात ती तशी घसरली नाही. ड्यूटेरॉन किंचित लांबट आहे, हे १९३९ पासून ठाऊक होते. ते गणितात घेतले तेव्हा, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, कोडे सुटले. दोघांच्या घरात एवढासा लांबटपणाही लपत नाही!

मनुष्यदेह बहुतांशी हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन अशा हलक्या केंद्रांचाच आहे. खारघर येथे टाटा स्मारक केंद्रात २०२३ पासून कर्करोगावर प्रोटॉनांचे उपचार होतात. मात्रा ठरवताना हे विखुरणे लक्षात घ्यावेच लागते. एकटा प्रोटॉन कुठे वळेल, ते कुणालाही सांगता येत नाही. असंख्य प्रोटॉनांचा एकत्रित परिणाम मात्र सांगता येतो, आणि रुग्णाची भिस्त त्यावरच असते. म्हणून सरासरीला नावे ठेवणे आम्हांस मान्य नाही. शंभर मेंढरांच्या दाखल्यातही मेंढपाळाला मोजणी ठाऊक होती, म्हणून तर एक हरवल्याचे कळले.

पण विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस गेलेले कुटुंब विचारते, “डॉक्टरसाहेब, आमची आई वाचेल ना?” उत्तर शेकड्यात येते. ते खोटे नसते. इस्पितळाला तो आकडा हवाच. घर मात्र हेलियमसारखे. चौघांत टक्केवारी लावायची कुणाला? एक गेले, तर उरलेल्या तिघांचे आपसांतले नातेही पालटते. आकडा लपवू नये, हे आम्ही निक्षून सांगू. पण तो सांगून लगेच उठूनही जाऊ नये. आईला स्वतःला काय हवे आहे, हे तोवर बहुधा कुणीच विचारलेले नसते.