उरलेल्याचं कोण करणार?

प्रोग्रॅमिंग शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्या मुलांना मी रिकर्शनचा पहिला स्वाध्याय देतो, तो अगदी छोटा असतो. एक संख्या घ्या, समजा ६१७४. तिच्या अंकांची बेरीज करणारं फंक्शन लिहा. अट एकच: लूप वापरायचा नाही. मुलं थोडा वेळ वहीकडे बघत बसतात. मग मी सुचवतो, शेवटचा ४ बाजूला काढा. उरले ६१७. या ६१७ च्या अंकांची बेरीज करून घ्या आणि तिच्यात ४ मिळवा. झालं.

इथे वर्गातून हमखास प्रश्न येतो, “पण सर, उरलेल्याची बेरीज कोण करणार?”

“हेच फंक्शन.”

“ते तर आपण अजून लिहितोय!”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जी गोष्ट अजून पुरी झालेली नाही, तिच्याच भरवशावर ती पुरी कशी करायची? याचं उत्तर ज्याला मनापासून पटलं, त्याला रिकर्शन आलं. फॅक्टोरियल, मसावि, घात, उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखणं, हे पुढचे सगळे स्वाध्याय त्याच उत्तराची उजळणी करतात. म्हणून हा एकच प्रश्न धरून सावकाश चालू या.

आधी फंक्शन म्हणजे काय ते पाहू. फंक्शन हे एक वचन असतं: मला अमुक द्या, मी तमुक परत देईन. वर्गमूळ काढणारं तयार फंक्शन वापरताना आपण त्याच्या पोटात डोकावत नाही. १४४ देतो, १२ घेतो आणि पुढे जातो. आपल्या फंक्शनचं वचन असं: मला कोणतीही पूर्ण संख्या द्या, मी तिच्या अंकांची बेरीज देईन. लिहायला बसण्याआधीच हे वचन ठरलेलं असतं. ६१७ त्याच्या हवाली करताना आपण या वचनाचा आधार घेतो. शिवाय लिहिण्याची वेळ वेगळी आणि चालवण्याची वेगळी. प्रोग्रॅम चालू होईल तेव्हा फंक्शनच्या सगळ्या ओळी जागेवर असतील.

एवढ्यानं चौकस मुलाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. वचन द्यायचं आणि ते पाळण्यासाठी त्याच वचनावर विसंबायचं, हे वरवर पाहता फसवणुकीसारखंच दिसतं. हा विश्वास कमवावा लागतो. तो कसा कमावला जातो, हे रांगेत उभं राहिल्यावर नीट कळतं.

पंढरपूरची दर्शनबारी डोळ्यांपुढे आणा. वळणं घेत जाणारी रांग, आणि आपल्याला दिसते फक्त पुढच्याची पाठ. आपल्या पुढे किती माणसं आहेत हे जाणून घ्यायचं आहे. आपण पुढच्याला विचारतो, “माऊली, तुमच्या पुढं किती जण?” त्यालाही ठाऊक नाही. तो त्याच्या पुढच्याला तेच विचारतो, तो त्याच्या पुढच्याला. विचारत विचारत प्रश्न रांगेतल्या पहिल्या माणसापाशी पोचतो. त्याला कोणाला विचारावं लागत नाही. तो सांगतो, “माझ्या पुढं कोणी नाही.” म्हणजे शून्य. त्याच्या मागचा त्यात स्वतःपुढचा तो एक माणूस मिळवून मागे सांगतो, “एक.” त्याच्या मागचा, “दोन.” असं एकेक वाढत उत्तर आपल्यापर्यंत येतं. अख्खी रांग कोणीही पाहिली नाही, तरी मोजदाद बरोबर झाली.

हे जमलं ते तीन गोष्टींमुळे. पहिली, रांगेत एक माणूस असा होता ज्याला उत्तर स्वतःच ठाऊक होतं. प्रोग्रॅमिंगमध्ये याला बेस केस म्हणतात, आपण पाया म्हणू. दुसरी, प्रश्न दर वेळी त्या माणसाच्या दिशेनं एक पाऊल सरकत होता. तिसरी, मिळालेल्या उत्तरात प्रत्येकानं आपला वाटा मिळवला आणि ते मागे पोचवलं. आणि हे होईपर्यंत प्रत्येक जण आपला प्रश्न मनात धरून थांबला होता. यंत्रातही अर्धवट राहिलेली कामं अशीच एकावर एक चळत रचून थांबलेली असतात. तिला स्टॅक म्हणतात.

आता अंकांच्या बेरजेकडे परत येऊ. संख्या एकअंकी असेल, तर ती स्वतःच उत्तर. हा पाया. शेवटचा अंक काढला की संख्या एका अंकानं आखूड होते, म्हणजे प्रश्न पायाकडे सरकतो. उरलेल्याच्या बेरजेत काढलेला अंक मिळवून परत द्यायचा, हा आपला वाटा. ६१७४ साठी ६१७ विचारायचे, त्यासाठी ६१, त्यासाठी ६. इथे पाया लागला. परतताना ६ आणि १ सात, त्यात ७ मिळवून चौदा, त्यात ४ मिळवून अठरा.

सुरुवातीच्या चुकाही याच तीन जागी होतात. पाया लिहायचा राहिला, तर प्रश्न विचारणं थांबतच नाही. पायथॉनमध्ये साधारण १००० कॉल एकात एक अडकले की यंत्र स्वतःच हात वर करतं. शेवटचा अंक न काढता तीच ६१७४ पुन्हा दिली, तर पाया लिहिलेला असूनही तिथे कोणी पोचत नाही. सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक तिसरी: बेरीज केली, पण परत दिली नाही. रांगेतला एक माणूस आकडा ऐकून गप्प राहिला, तर मागच्या सगळ्यांचं उत्तर बुडतं.

या तिन्ही गोष्टी जागेवर असल्या की वर्गातल्या त्या प्रश्नाला गणिती उत्तर देता येतं. एकअंकी संख्यांसाठी फंक्शन बरोबर आहे, हे उघड दिसतं. एकअंकीसाठी बरोबर आहे म्हणून दोनअंकीसाठी, दोनअंकीसाठी आहे म्हणून तीनअंकीसाठी. गणितात यालाच विगमन म्हणतात. ६१७४ साठी आपण ज्याच्यावर विसंबलो, ते फंक्शन ६१७ पुरतं आधीच खरं ठरलेलं आहे.

इथे मुलांना मी एक सल्ला देतो. एकदा, फक्त एकदाच, लहान उदाहरण घेऊन पायापर्यंत उतरा आणि परत वर या. मग उतरणं सोडा. प्रत्येक वेळी तळापर्यंत जाऊन खात्री करत बसणाऱ्याला थोड्याच वेळात भोवळ येते, आणि तो रिकर्शन अवघड आहे असं ठरवून टाकतो. काही कोड्यांत तर तळापर्यंत जाऊन बघणं माणसाला शक्यच नसतं.

एद्वार लुकास या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये आणलेलं हानोईच्या मनोऱ्याचं कोडं असंच आहे. तीन खुंट्या. एकीवर चकत्यांची चळत, सर्वांत मोठी खाली, वर लहान होत गेलेल्या. एका वेळी एकच चकती हलवायची, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही, आणि सगळी चळत तिसऱ्या खुंटीवर न्यायची. हात लावायला गेलं की गोंधळ होतो. विश्वास ठेवून विचारलं की उत्तर तीन वाक्यांत येतं: सर्वांत खालची सोडून बाकी चळत मधल्या खुंटीवर न्या, मोठी चकती तिसरीवर ठेवा, मधली चळत तिच्यावर आणा. ‘बाकी चळत कोण नेणार?’ हेच फंक्शन, एक चकती कमी असताना. चकतीच उरली नाही की काही करायचं नाही, हा पाया. दर चकतीगणिक हालचाली दुप्पट अधिक एक होतात: १, ३, ७, १५. कोड्याला जोडलेल्या काशीच्या देवळाच्या कल्पित कथेत ६४ चकत्या आहेत. त्यांना १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हालचाली लागतात. सेकंदाला एक धरली तरी ५८,००० कोटींहून जास्त वर्षं. इतक्या हालचाली कोणी तपासू शकणार नाही, पण ती तीन वाक्यं बरोबर आहेत हे दहावीचा मुलगा खात्रीनं सांगू शकतो.

विश्वासाबरोबर आठवणही लागते, हे पुढच्या स्वाध्यायात कळतं. मराठी शाळेत लघु-गुरू शिकलेल्या प्रत्येकाला तो सोडवता येईल. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. पाच मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती रचनांनी भरता येईल? शेवटचं अक्षर बघा. ते लघु असेल, तर आधीच्या चार मात्रा भरायच्या राहतात. गुरू असेल, तर तीन. म्हणून पाचाचं उत्तर म्हणजे चाराचं आणि तिनाचं मिळून. एका मात्रेची १ रचना, दोनांच्या २, आणि तिथून ३, ५, ८, १३. आपल्याकडच्या छंदशास्त्रात विरहांकानं ही रीत दिली आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानं ती मांडली. आज ही मालिका ज्याच्या नावानं ओळखली जाते, त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं, म्हणजे हेमचंद्राच्याही नंतरचं.

फंक्शन दोन ओळींत होतं. पण ३० मात्रांसाठी ते जसंच्या तसं चालवलं, तर १३,४६,२६९ या उत्तरासाठी फंक्शनला १६,६४,०७९ वेळा बोलावलं जातं. कारण तिसाव्यासाठी अठ्ठाविसावं विचारलं जातं, आणि एकोणतिसाव्यासाठी तेच अठ्ठाविसावं पुन्हा पहिल्यापासून विचारलं जातं. मिळालेलं प्रत्येक उत्तर वहीत टिपून ठेवलं, तर अवघ्या २८ बेरजांत काम होतं. लहान प्रश्नावर विश्वास ठेवावा, पण त्यानं एकदा दिलेलं उत्तर विसरू नये.

प्रश्न किती लहान करायचा, यालाही महत्त्व आहे. दोनाचा चौसष्टावा घात हवा असेल, तर एकेक पायरी उतरत दोनानं गुणत राहता येतं. पिंगलाच्या छंदःसूत्रातली रीत वेगळी आहे. घात सम असेल तर निम्मा करा आणि मिळालेल्या उत्तराचा वर्ग करा. विषम असेल तर एक कमी करा आणि उत्तर दोनानं गुणा. ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असा घात सहा वेळा निम्मा झाला की आपण दोनाच्या पहिल्या घातापाशी येतो, आणि सहा वर्ग करून परत वर. प्रश्न निम्मा झाला, तर फार मोठ्या संख्येपासूनही पाया थोड्याच पावलांवर असतो.

आता सर्वांत नाजूक जागा. आतापर्यंत प्रश्न लहान होतो आहे हे आपल्याला दिसत होतं. दिसत नसेल तेव्हा काय?

नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत एक गोष्ट मांडली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमानं लिहून त्यांतून चढत्या क्रमानं लिहिलेली संख्या वजा करा. जे येईल त्यावर पुन्हा तेच करा. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घेतलं, तर ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या पावलाला ६१७४. पुढे तेच, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. या लेखाच्या सुरुवातीला मी ती संख्या घेतली, ती याचसाठी.

याचं फंक्शन लिहिताना पाया ६१७४ चा. पण वाटेत एक खड्डा आहे. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. ते ०९९९ असं चार अंकी धरलं नाही, तर ९९९ मधून ९९९ जाऊन शून्य येतं आणि पाया चुकतो. इथे संख्या दर पावलाला लहान होत नाही. ३९९६ नंतर ६२६४ येते. तरी फंक्शन थांबेल असं आपण निश्चित म्हणू शकतो, कारण चार अंकी संख्या १०,००० च्या आतच आहेत. एकेक तपासून पाहता येते, आणि प्रत्येक जास्तीत जास्त सात पावलांत पोचते. विश्वास इथेही कमावलेला आहे, फक्त वेगळ्या मार्गानं.

याच्या शेजारी लोथार कोलाट्झ यांचं १९३७ चं कोडं ठेवा. संख्या सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. १ आला की थांबा. पाच ओळींचं फंक्शन, पाया स्वच्छ लिहिलेला. २७ पासून निघालं तर ९२३२ पर्यंत चढून १११ पावलांनी १ येतो. संगणकांनी अफाट संख्यांपर्यंत तपासलं, दर वेळी १ च आला. पण प्रत्येक संख्या १ वर पोचतेच, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. इथे दुसरी गोष्ट, पायाकडे सरकणं, आपल्या हातात नाही. हे फंक्शन जरूर लिहा आणि चालवा. पण ते नेहमी थांबतं असं वचन देऊ नका.

रिकर्शनचा पुढचा स्वाध्याय हाती आला की कीबोर्डला हात लावण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. कोणत्या प्रश्नाचं उत्तर मला न विचारता ठाऊक आहे? दर वेळी मी त्याच्या जवळ जातो आहे, हे कशावरून? मिळालेल्या उत्तरात माझा वाटा कोणता? तिन्ही उत्तरं खरी असतील, तर उरलेल्याचं काम निर्धास्तपणे त्याच फंक्शनवर सोपवा.